कारणाचा रकाना

आमच्या बाबांचं घड्याळ जूनमध्ये बंद पडलं. बाबा म्हणजे माझे सासरे. वय ८१, रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीला वीस वर्षं उलटली तरी त्यांचा दिवस अजून चोवीस तासांच्या टाइमटेबलावर चालतो. चहा ०६.१०ला, रक्तदाबाची गोळी ०८.३०ला, आणि जेवायला "दीड वाजता" म्हटलं की ते हळूच दुरुस्त करतात, "तेरा तीस." बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात भिंतीवर दोन घड्याळं आहेत, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, पण बाबा वेळ बघणार ती मनगटावरच. त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते "अगं, गाडी उभी आहे" म्हणाले, तेव्हा मला वाटलं खाली रिक्षा आली.

घड्याळ साधंच. स्टीलची केस, पांढरी डायल, तारखेची खिडकी नाही, आत जपानी क्वार्ट्झ मशीन. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने घेऊन दिलं, कारण आधीच्या एचएमटीला रोज सकाळी चावी द्यायला बाबांची बोटं ऐकेनात. हा बदल त्यांनी मनापासून कधी मानला नाही. "चावीचं घड्याळ थांबलं तर चूक आपली. हे थांबलं तर कोणाची?" हा त्यांचा जुना सवाल.

मी एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. शाळेतून येताना न्यायमंदिराच्या बाजूला फुटपाथवर टेबल टाकून बसणाऱ्या एकाकडे घड्याळ दिलं. त्याने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. झाकण उडालं, जुना सेल बाहेर, नवा आत, झाकण बंद, साठ रुपये. दहा मिनिटांत काम झालं म्हणून मी खुशीत शेव-उसळ खाऊन घरी आले.

तीन दिवसांनी गाडी पुन्हा उभी. बाबांनी हात झटकला की चालायची, टेबलावर ठेवली की तासाभराने थांबायची. "कुठेतरी कनेक्शन सैल आहे," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, सेलच डुप्लिकेट असणार." दोघांचंही थोडं थोडं बरोबर निघालं, पण तो निकाल लागायला आठवडा गेला.

या वेळी मात्र घड्याळ लगेच उघडलं नाही. शाळेत मुलांना मी रोज सांगते की आधी पाहा, मग हात लावा. घरी तेच विसरायला होतं. सेकंदकाट्याकडे पुरी दोन मिनिटं बघत बसले. क्वार्ट्झ घड्याळ बंद पडताना बरंच काही सांगून जातं. काटा ठार मेलेला असेल तर वीजच पोहोचत नाही, किंवा आतलं सर्किट नाहीतर कॉइल गेली. काटा एकाच जागी थरथरत असेल, पुढे जायचा प्रयत्न करून मागे येत असेल, तर वीज येते आहे पण जोर पुरत नाही, म्हणजे सेल उतरलाय किंवा चाकात कचरा अडकलाय. माझ्या स्वतःच्या घड्याळाचा काटा गेल्या वर्षी एकदम दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागला होता. तो बिघाड नव्हता, सेल संपत आल्याची ती खूण असते. काही मशीनमध्ये मुद्दाम ठेवलेली. आणि सगळ्यात आधी चावी दाबून बघायची. चावी अर्धवट बाहेर राहिली की सेकंदकाटा थांबतो, ती वेळ लावायची सोय असते, आणि त्यापायी लोक घड्याळ घेऊन थेट बाजार गाठतात. बाबांच्या घड्याळाची चावी नीट आत होती. काटा सरळ उभा होता, थरथर नाही की काही नाही. हातात घेऊन हलवलं, टक, चालू.

मग झाकण उघडलं. या घड्याळाचं झाकण आट्याचं नाही, दाबून बसणारं आहे. कडेला नखाएवढी खाच असते, तिथे बोथट सुरीचं टोक घालून मनगट किंचित फिरवायचं. धारदार सुरी घेतलीत तर ती सटकून एक तर केसवर ओरखडा काढेल, नाहीतर तुमच्या अंगठ्यावर. झाकण उलटं करून पाहिलं आणि सेल राहिला बाजूला, मी त्या झाकणातच गुंतले. आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखे बारीक आकडे होते: ४/१५, ९/१७, १/२०, ६/२२. ज्यांनी ज्यांनी सेल बदलले त्या घड्याळजींनी महिना-वर्ष कोरून ठेवलेलं. भिंगातून बाबांना दाखवलं. त्यांनी एकेक तारीख मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "लॉगबुक आहे की हे. मग यंदाची नोंद कुठाय?" यंदाची नव्हती. फुटपाथवरच्याने कोरली नव्हती.

सेलवर आकडा होता एलआर६२१. शाळेतला मल्टिमीटर घरी आणला होता. दीड व्होल्टच्या आसपास, म्हणजे जिवंत. (नुसत्या मीटरवर फार भरवसा ठेवू नये. सेलवर काही भार नसताना थकलेला सेलही ऐटीत आकडा दाखवतो.) पण त्या नावात खोच असते. पहिली दोन अक्षरं सांगतात आत काय भरलंय: एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, एलआर म्हणजे अल्कलाइन. पुढचा ६ म्हणजे व्यास, ६.८ मिलिमीटरचं माप. शेवटचे दोन आकडे जाडीचे, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. ६२१ म्हणजे २.१ मिलिमीटर. आणि मशीनच्या पट्टीवर, सेलच्या घराशेजारी, भिंगाखाली दिसेल इतक्या बारीक अक्षरात छापलं होतं: एसआर६२६एसडब्ल्यू. व्यास तोच, त्यामुळे सेल घरात चपखल बसल्यासारखा दिसतो. जाडीत मात्र अर्धा मिलिमीटर कमी.

मला मोजल्याशिवाय चैन पडेना. जाडी मोजायचा व्हर्नियर काढला, सेल त्याच्या जबड्यांत धरला, २.१ वाचलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला की मी सेलची दोन्ही टोकं स्टीलच्या जबड्यांनी जोडून ठेवली आहेत. वीस वर्षं पोरांना शॉर्टसर्किट समजावून देणारी मी! पुढच्या वेळी एका जबड्याला सेलोटेपचा तुकडा लावला आणि त्याची जाडी वजा केली. बाबा समोर बसून बघत होते, काही बोलले नाहीत, फक्त हसले.

तर अर्धा मिलिमीटर. वरून टेकणारी पितळी पत्ती तेवढी खाली पोहोचत नव्हती, किंवा जेमतेम पोहोचत होती. हात हलला की टेकायची, घड्याळ स्थिर झालं की सुटायची. बाबांचं सैल कनेक्शन.

रावपुऱ्यातून नवा सेल आणला, पाकिटावर नीट ६२६ बघून. दुकानदाराने "एलआर दूं? सस्ता है" असं विचारलंच. तो वीस-पंचवीस रुपयांत येतो, आणि खेळण्यातल्या घड्याळाला चालेलही. पण सिल्व्हर ऑक्साइड सेलचा दाब १.५५ व्होल्टवर शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. अल्कलाइन पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो. शिवाय विसरला गेला तर गळतो, आणि तो खारट पांढरा थर पत्त्या खातो. एकदा तसं झालं की कापसाच्या टोकाने थेंबभर व्हिनेगर, मग स्पिरिट, आणि बरीचशी प्रार्थना.

सेल हाताने धरायचा नाही, बोटांचं तेल आणि घाम कडेला राहतात. लोखंडी चिमट्यानेही नाही, तो दोन्ही बाजू जोडतो. व्हर्नियरचा धडा ताजा होता. प्लॅस्टिकचा चिमटा नसेल तर रुमालात धरावा. सेलखालचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा जागचा हलला नाही ना ते बघितलं, पत्ती अगदी किंचित, केसभर खाली वाकवली, सेल बसवला. मल्टिमीटरने आधी १.५७ दाखवलं होतं. काटा चालू झाला. बाबांनी भिंतीकडे बघून सेकंदाला सेकंद जुळवून चावी दाबली.

झाकण बसवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात चिवट काम निघालं. पोळपाटावर टॉवेलची घडी, तिच्यावर घड्याळ उलटं, आणि दोन्ही अंगठ्यांनी मी जीव खाऊन दाबते आहे. एक बाजू बसली की दुसरी वर येते. आतली रबरी रिंग एका ठिकाणी बाहेर डोकावत होती, ती आत सारली. खाच चावीच्या दांडीसमोर यायला हवी होती, तीही फिरवली. तरी नाही. काच तडकेल या भीतीने शेवटी सोडून दिलं आणि टॉवरजवळच्या गल्लीत एक जुने घड्याळजी बसतात त्यांच्याकडे नेलं. त्यांनी दाबाच्या यंत्रात ठेवून एकदा हँडल खाली केलं, कट्ट. दहा रुपये. मी वीस देऊ केले, घेतले नाहीत. झाकण लावण्याआधी मात्र त्यांनी सुई घेतली आणि माझ्या सांगण्यावरून आत महिना-वर्ष कोरलं. बाबांच्या लॉगबुकात खंड नको.

इथे गोष्ट संपली असं मी धरलं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाबा चहाच्या वेळी म्हणाले, "घड्याळ आठ तास मागे आहे." मी घेऊन पाहिलं. दहा वाजून बारा मिनिटं दाखवत होतं, आणि काटा टकटक चालला होता. भिंतीवर सहा वाजून गेलेले. मी म्हटलं रात्री चावी ओढली गेली असेल. वेळ लावून दिली, दिवसभर बरोबर. दुसऱ्या सकाळी पुन्हा आठ तास मागे, आणि पुन्हा माझ्या हातात चालू. यात डोकं खाणारी गोष्ट ही की घड्याळ बंद पडलेलं कोणी पाहिलंच नाही. बघावं तेव्हा ते चालत असायचं.

माझा पहिला संशय माझ्याच कामावर. पत्ती कमी वाकली असेल, झाकण दाबताना काही सरकलं असेल. दुसरा संशय काट्यांवर. रोज सकाळी घड्याळ दहाच्या आसपास थांबलेलं. एकाच जागी थांबणं म्हणजे एखाद्या चाकाचा दात खराब, किंवा त्या ठिकाणी तासकाटा मिनिटकाट्याला घासतो. झाकण दाबताना एखादा काटा वाकला की असं होतं. मी भिंग लावून डायलकडे आडव्या नजरेने बघितलं, काट्यांमध्ये अंतर होतं. तरी मनातून तेच धरून बसले होते.

बाबांनी काय केलं, तर त्यांनी वही उघडली. जुनी लांबट रेघांची वही, पट्टीने रकाने आखलेले: दिनांक, ठेवलं, उचललं, घड्याळातली वेळ, कारण. गार्डला आयुष्यभर हेच करावं लागतं, कुठल्या स्टेशनवर गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर झाला तर का. मी आत डोकावले तर असं:

८ जुलै, २२.१०, ०६.०५, १०.११.
९ जुलै, २१.५०, ०६.००, ९.५१.
१० जुलै, २२.४०, ०६.०५, १०.४१.

शेवटचा रकाना कोरा.

खरं सांगते, तेव्हा मी ते नीट वाचलंच नाही. "बाबा, मी उद्या घड्याळजींकडे नेते," एवढं म्हणून कुकर लावायला गेले. नीट वाचलं असतं तर दात आणि काटे दोन्ही तिथल्या तिथे निकालात निघाले असते, कारण थांबायची वेळ रोज वेगळी होती. बाबा लवकर झोपले तर ते लवकर थांबत होतं, क्रिकेट बघत बसले तर उशिरा.

घड्याळजींनी मशीन एका छोट्या टेस्टरवर ठेवलं. दर सेकंदाला लाल दिवा लुकलुकायला लागला. मग कॉइलवर मीटरची दोन टोकं टेकवली, दीड हजार ओहमच्या आसपास आकडा आला. "बेन, मशीनमां कंई नथी," ते म्हणाले. त्यांच्याकडची चहाची वेळ होती म्हणून असेल, पण त्यांनी मला खुर्ची दिली आणि चिमट्याच्या टोकाने ते मशीन दाखवत राहिले. त्यातलं निम्मं मला पुस्तकातून माहीत होतं, पण डोळ्याने असं कधी पाहिलं नव्हतं. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, नळीसारखी चकचकीत डबी, तिच्यात क्वार्ट्झचा चिमट्याच्या आकाराचा स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा उगाच नाही. तो पंधरा वेळा अर्धा करत गेलं की बरोबर एक उरतो. काळ्या ठिपक्याखालची चिप तेवढंच करते, आणि दर सेकंदाला कॉइलमध्ये काही मिलिसेकंदांचा विजेचा एक झटका सोडते, एकदा या दिशेने, पुढच्या वेळी उलट्या. केसाहून बारीक तारेची ती तांबूस कॉइल. तिच्या टोकाशी मोहरीएवढं चुंबक, झटक्यागणिक अर्धी गिरकी घेणारं. बाकी सगळी चाकं त्याच्या मागून. १९६९च्या २५ डिसेंबरला सेकोने जपानमध्ये पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं तेव्हाही मूळ रचना हीच होती. घरी येऊन बाबांना तारीख सांगितली तर म्हणाले, "त्या दिवशी मी गोध्र्याला होतो आणि माझं घड्याळ चावीचं होतं."

मोहरीएवढं चुंबक म्हणून घड्याळजींनी चिमट्याचं टोक तिथे नेलं, मी मान हलवली, आणि त्या शब्दापाशी माझ्या डोक्यात काहीही वाजलं नाही.

घड्याळ आठवडाभर त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलं. सात दिवसांत दोन सेकंदांचाही फरक नाही. बाबांनी तो आठवडा माझ्या मुलाचं आकडेवालं घड्याळ घालून काढला आणि प्रत्येक तासाला नाराजी व्यक्त केली. आठव्या दिवशी घड्याळ घरी आलं. नवव्या सकाळी: २२.०५, ०६.०५, १०.०६.

आता मी वही घेऊन बसले. दुकानात चालतं, घरी थांबतं. दिवसा चालतं, रात्री थांबतं. आणि एक गोष्ट त्रास देत होती. बाबा ज्या मिनिटाला घड्याळ ठेवतात त्यानंतर ते एक मिनिट चालतं आणि मग थांबतं. एखादं नाही, रोज. मी त्यांना म्हटलं, दिवसाच्याही नोंदी ठेवा. त्यांनी दुपारी आणि संध्याकाळी भिंतीवरच्या घड्याळाशी ताळा घ्यायला सुरुवात केली आणि नवंच प्रकरण निघालं. सकाळी साडेसहा ते दुपारी दोन, फरक शून्य. दोन ते चार, पंचवीस मिनिटं गायब. दुसऱ्या दिवशी चाळीस. चारनंतर परत शून्य.

शनिवारी बाबा म्हणाले, मीच येतो. रिक्षाने गेलो. रावपुऱ्याच्या टॉवरपाशी उतरल्यावर त्यांनी सवयीने वर बघितलं. सयाजीरावांच्या पहिल्या राणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ १८९६मध्ये बांधलेला हा घड्याळाचा टॉवर, बडोद्यात दोन माणसांनी भेटायचं ठरवलं की अजून याच्याच खुणेवर ठरतं. घड्याळजींनी बाबांना स्टुलावर बसवलं, वही मागून घेतली. रकाने मराठीत होते, आकड्यांना भाषा लागत नाही. त्यांनी बोटाने दोन पानं वाचली, आणि मला नाही, बाबांना विचारलं,

"दादा, राते घडियाळ क्यां मूको छो?"

"उशाशी खण आहे, त्यात."

"खणमां बीजुं शुं छे?"

बाबांनी क्रमाने सांगायला सुरुवात केली, जसा मालडब्यांचा हिशेब देत असावेत. चष्म्याचं घर. टॉर्च. गोळ्या. बामची बाटली. गुडघ्याचा पट्टा.

"कयो पट्टो?"

बाबांनी लेंगा गुडघ्यावर दाबून दाखवला. आतून पट्ट्याचा उंचवटा दिसला. तो जूनच्या शेवटी आला होता, आत्याबाईंनी टीव्हीवर जाहिरात बघून पाठवलेला. निळा, चिकटपट्टीचा, आणि आत शिवलेली आठ गोल चुंबकं. गुडघेदुखीवर.

घड्याळजी काउंटरवरून वाकले, बाबांचा डावा हात धरला आणि अलगद त्यांच्याच गुडघ्यावर ठेवला. आम्ही तिघं त्या पांढऱ्या डायलवर वाकलो. सेकंदकाटा आठाच्या पुढे एक घर गेला आणि उभा राहिला. थरथरलाही नाही. मी मनात मोजत होते, दहा, अकरा, बारा. घड्याळजींनी मनगट चार बोटं वर उचललं. टक. टक. टक. परत खाली ठेवलं, उभा. बाबांनी मग स्वतः दोन-तीनदा करून बघितलं, सिग्नल खाली-वर करावा तसं.

आतलं मोहरीएवढं चुंबक पट्ट्यातल्या आठ चुंबकांनी धरून ठेवलं होतं. कॉइलच्या झटक्यात ते सोडवायची ताकद नाही, कुठून असणार, दीड व्होल्टचा कारभार. सर्किट बिचारं रात्रभर बरोबर सेकंदाला झटके देत होतं, आणि पुढे काही हलत नव्हतं. चुंबक दूर झालं की घड्याळ जिथे होतं तिथून चालू, काही झालंच नाही अशा थाटात. क्वार्ट्झला यात कायमचा धक्का सहसा बसत नाही, फक्त गेलेली वेळ गेली. चावीच्या घड्याळाचं उलटं असतं, घड्याळजींनी सांगितलं. त्यातल्या केसासारख्या स्प्रिंगला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कितीतरी मिनिटं पुढे धावायला लागतं, चुंबक नेलं तरी. मग यंत्रात घालून चुंबकत्व काढावं लागतं. म्हणजे बाबांची एचएमटी असती तर ती उलट पुढे पळाली असती. हे ऐकून बाबांना एचएमटीचा किंचित अभिमान वाटल्याचं मला दिसलं.

रिक्षात वहीतलं सगळं जागच्या जागी बसत गेलं. बाबा झोपताना आधी घड्याळ खणात ठेवतात, मग पलंगाच्या कडेवर बसून पट्टा सोडतात, गुंडाळी करतात आणि घड्याळाशेजारी सारतात. त्याला लागतं एक मिनिट. सकाळी आधी घड्याळ हाती, मग पट्टा, म्हणून उचलताक्षणी चालू. दुपारी जेवून ते ओट्यावरच्या खुर्चीत डुलकी काढतात, डावा हात गुडघ्यावर. पंचवीस मिनिटं, चाळीस मिनिटं, झोप लागेल तशी. आणि घड्याळ दुकानात आठवडाभर सुखात होतं, कारण पट्टा घरी होता.

घरी आल्यावर मी मोबाइलमधलं चुंबकीय क्षेत्र मोजायचं अॅप काढलं. एरवी आपल्याकडे पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास दाखवतं. खणावर मोबाइल धरला तर आठशेच्या वर गेलं, आणि कंपासची सुई उत्तर सोडून पट्ट्याकडे तोंड करून बसली. मुलाला हा खेळ फारच आवडला. त्याने तासभर सगळं घर मोजलं. फ्रिजच्या दाराची कड, बाबांचा जुना रेडिओ (आतला स्पीकर), माझ्या पर्सचं बटण, टॅबलेटचं झाकण, देवघराच्या कपाटाची चुंबकाची कडी. शेवटी पलंगाच्या दुसऱ्या बाजूचा कोनाडा साफ निघाला, तिथे बाबांच्या घड्याळासाठी जुन्या रुमालाची घडी घातली.

पट्टा मात्र राहिला. त्याने गुडघ्याला काय होतं याबद्दल माझं एक मत आहे आणि मी ते घरात बोलत नाही. आत्याबाईंचा दर रविवारी फोन येतो. फक्त दुपारच्या डुलकीला बाबा आता हात छातीवर ठेवतात, म्हणजे ठेवून झोपतात; जाग येते तेव्हा तो कुठे असतो ते वहीवरून कळतं. परवा अकरा मिनिटं गेली होती.

वही अजून चालू आहे. काल झोपण्याआधी पाणी ठेवायला त्यांच्या खोलीत गेले, ती पलंगावर उघडी होती. जुलैच्या पानावर इतके दिवस कोरा असलेला शेवटचा रकाना त्यांनी भरून टाकला होता. वरच्या ओळीत कारण लिहिलं होतं, 'गुडघा', आणि खाली पानभर तीच-तीच खूण, टिंब टिंब, जसं आधीच्या ओळीप्रमाणे लिहितात. तळाला सही, आणि वेळ: २१.५५.